कार्डांच्या फिंगरवरचं सोनं आम्लाने सोडवताना : टप्प्यांचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

जुनी रॅम आणि नेटवर्क कार्डं घेऊन सोनं काढायला बसलेल्या बहुतेकांची अडचण सोनं विरघळत नाही ही नसते. सोनं विरघळतं, पण परत हाती लागत नाही. ते हिरव्या पाण्यात जातं, टाकून दिलेल्या गाळणकागदात अडकतं किंवा तळाच्या काळ्या गाळाबरोबर ओतलं जातं. याचं मूळ जवळजवळ नेहमी एकच असतं : क्रम चुकलेला असतो. अख्खी कार्डं एकदम तीव्र आम्लात टाकली की तांबं, निकेल, कथिल, शिसं आणि सोनं एकाच पाण्यात उतरतं आणि ते वेगळं करणं नवख्याच्या आवाक्याबाहेर जातं.

सोनं शेवटी विरघळवायचं असतं, तेही एकटं. त्याआधीची सगळी मेहनत बाकीचे धातू बाजूला काढण्यासाठी असते. खालचा प्रत्येक टप्पा या एका नियमावर उभा आहे.

हा लेख फक्त कार्डांच्या कडेला असलेल्या सोनेरी पट्ट्यांपुरता, म्हणजे फिंगरपुरता आहे. काळ्या आयसी, सिरॅमिक प्रोसेसर आणि जोडण्यांच्या पिना यांची पूर्वतयारी वेगळी असते. पहिल्या खेपेला त्यांना हात लावू नका. फिंगरवर सोनं उघड्यावर असतं आणि कडेला डाख (सोल्डर) जवळपास नसतो, म्हणून शिकायला हाच माल योग्य.

आधी जागा आणि साहित्य

राहत्या घरात, स्वयंपाकघरात, तळघरात किंवा बंद गॅरेजमध्ये हे काम करायचं नाही. या प्रक्रियेत क्लोरीन आणि सल्फर डायऑक्साइड हे दोन वायू हमखास निघतात, आणि नायट्रिक आम्ल वापरलं तर तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइडही. तिन्ही हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतात. नायट्रोजन डायऑक्साइडचा घात असा, की श्वासातून गेल्यावर माणसाला थोडा खोकला येऊन बरं वाटतं आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. त्यामुळे वायू अंगावर आल्यास बरं वाटतंय म्हणून थांबू नका, थेट डॉक्टरकडे जा. दम्याचा त्रास असणाऱ्याने हे काम करूच नये.

धूर ओढून घेणारं कपाट असेल तर उत्तम. नसेल तर मोकळी जागा, पाठीवर वारा, आणि आसपास मुलं, जनावरं किंवा शेजाऱ्याची खिडकी नसावी. धुळीसाठी मिळणारा कापडी किंवा कागदी मास्क वायू अडवत नाही. आम्लवायू आणि क्लोरीनसाठीचं कार्ट्रिज असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. त्याशिवाय अख्खा चेहरा झाकणारी ढाल, नायट्राइलचे लांब हातमोजे, आम्ल न शोषणारा एप्रन आणि हाताशी भरपूर वाहतं पाणी हवं.

भांडी काचेची किंवा जाड एचडीपीई प्लास्टिकची घ्या, ढवळायला काचेची कांडी. स्टीलचा चमचा, अ‍ॅल्युमिनियमची ताटली, लोखंडी चिमटा यांपैकी काहीही आत बुडता कामा नये, कारण धातू आम्लात विरघळतो आणि विरघळलेलं सोनं त्याच्यावर जाऊन बसतं. प्रत्येक भांड्याखाली त्यातला सगळा द्रव मावेल एवढा ट्रे ठेवा. काच तडकली तर सोनं जमिनीत न मुरता ट्रेमध्ये राहील.

रसायनं मोजकीच आहेत : हायड्रोक्लोरिक आम्ल, ३ टक्क्यांचा हायड्रोजन पेरॉक्साइड, सुगंध किंवा घट्टपणा न घातलेलं साधं ब्लीच, विरघळलेलं सोनं खाली बसवायला सोडियम मेटाबायसल्फाइट, सोन्याच्या चाचणीला स्टॅनस क्लोराइड, आणि कचऱ्यासाठी तांब्याचे व लोखंडाचे तुकडे आणि चुना. हवा सोडायला मत्स्यटाकीचा छोटा पंप पुरतो, पण तो आम्लाच्या भांड्यापासून लांब आणि वरच्या पातळीवर ठेवायचा. वीज गेली तर खाली ठेवलेल्या पंपात द्रव उलटा ओढला जातो. हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली झाकण घट्ट असतानाही आजूबाजूचं लोखंड गंजवते, म्हणून हत्यारांच्या कपाटात ती ठेवू नका.

> सावधान : सायनाइड आणि पारा यांच्या पद्धतींकडे वळू नका. नियंत्रित कारखान्याबाहेर त्यांना जागा नाही. कार्डं जाळून सोनं काढण्याचा सल्लाही धुडकावून लावा. त्यांतल्या ब्रोमिनयुक्त अग्निरोधकांपासून जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात.

या कामातून निघणारा कचरा कोण स्वीकारेल, हे पहिला थेंब ओतण्याआधी विचारून ठेवा. बहुतेक ठिकाणी ई-कचऱ्यावर रासायनिक प्रक्रिया करायला परवानगी लागते. ती नसेल तर छाटणी आणि वर्गवारी करून माल अधिकृत प्रक्रियादाराला विकणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे. टप्पा १ आणि २ त्यासाठीही तेवढेच उपयोगी पडतील.

टप्पा १ : मालाची वर्गवारी आणि सोन्याचा अंदाज

चकाकणारं सगळं सारख्या किमतीचं नसतं. वारंवार आत-बाहेर होणाऱ्या फिंगरवर कठीण सोन्याचा मुलामा असतो आणि चांगल्या मालात तो साधारण ०.७५ मायक्रॉन किंवा त्याहून जाड असतो. मदरबोर्डच्या पृष्ठभागावर दिसणारे सोनेरी ठिपके आणि गोल कडी मात्र बहुधा रासायनिक बुडीत पद्धतीने आलेली असतात. तिथला थर ०.०५ ते ०.१ मायक्रॉन, म्हणजे आठ ते पंधरा पट पातळ. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. नवख्यांचं बरंच आम्ल या दुसऱ्या प्रकारावर वाया जातं.

अंदाज काढणं सोपं आहे. सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम. १ चौरस सेंटिमीटरवर पाऊण मायक्रॉन थर असेल तर तिथे जवळपास दीड मिलिग्रॅम सोनं असतं. एका रॅमच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मिळून ५ चौरस सेंटिमीटर धरल्या तर सोनं ७ मिलिग्रॅमच्या आसपास येतं. म्हणजे १ ग्रॅमसाठी १३० हून अधिक रॅम लागतील, आणि थर पातळ निघाला तर त्याहून कितीतरी जास्त. पट्टीने किंवा कॅलिपरने मोजा, गुणाकार करा आणि आकडा वहीत लिहा. शेवटी हाती आलेलं वजन याच आकड्याशी ताडायचं आहे. आकडा नसेल तर निम्मं सोनं मध्येच हरवलं तरी कळायचं नाही.

पहिल्या खेपेला १०० ते २०० ग्रॅम छाटलेले फिंगर पुरेत. मोठी खेप केली म्हणून काम लवकर संपत नाही, फक्त चूक महाग पडते.

टप्पा २ : छाटणी

कार्डाची सोनेरी कड कात्रीने किंवा कापणीयंत्राने पट्ट्यांच्या जितक्या लगत कापता येईल तितकी कापा. मागे उरलेला हिरवा भाग म्हणजे आम्लाचा खर्च. त्या हिरव्या लेपाखाली तांबं असतं, पण आम्ल लेप भेदून आत शिरत नाही, त्यामुळे तो भाग पाण्यात नुसता पडून राहतो. करवत किंवा ग्राइंडर वापरू नका. काचतंतू आणि शिशाची धूळ उडते, आणि सोन्याचा भुगाही तिच्याबरोबर जातो.

कापलेला प्रत्येक तुकडा हातात घेऊन पाहा. त्यावर डाखाचा थेंब, छोटा रोधक किंवा धारित्र असेल तर तो तुकडा बाजूला काढा. मग सगळ्या ढिगातून एक जोरदार लोहचुंबक फिरवा. जे चिकटेल ते लोखंड किंवा लोहयुक्त मिश्रधातू, आणि ते आत गेलं तर आम्ल आधी तेच खात बसेल. डाखातलं कथिल पुढे फार छळतं. नायट्रिक आम्लाशी त्याची गाठ पडली तर पांढरा, बुळबुळीत, गाळणकागद बंद पाडणारा लगदा तयार होतो आणि सोन्याची बारीक पूड त्यात अडकून बसते.

> तपासणी : ढिगात फक्त सोनेरी पट्ट्या असलेले, डाख नसलेले, चुंबकाला न चिकटणारे तुकडे उरले आहेत का? वजन वहीत लिहिलं का? दोन्ही उत्तरं होय असतील तरच पुढे जा.

टप्पा ३ : खालचं तांबं काढून वर्ख मोकळा करणं

फिंगरमध्ये सर्वांत वर सोनं, त्याखाली निकेल, त्याखाली तांबं असतं. इथे सोनं विरघळवायचं नाही. त्याच्या खालचा आधार काढला की तो वर्खासारखा सुटून पाण्यात तरंगतो. हे काम कॉपर क्लोराइड करतं, आणि ते भांड्यातच तयार होतं.

तुकडे बुडून वर दोन बोटं राहील एवढं हायड्रोक्लोरिक आम्ल भांड्यात घ्या. अर्ध्या लिटर आम्लाला ३ टक्क्यांचा पेरॉक्साइड २० ते ३० मिली पुरे. त्याने थोडं तांबं विरघळतं, द्रव हिरवा होतो, आणि तिथून पुढे हिरवं कॉपर क्लोराइडच उरलेल्या तांब्याला खात जातं. त्यात वापरलं गेलेलं कॉपर क्लोराइड हवेतल्या प्राणवायूने पुन्हा ताजं होतं. म्हणून पंपाची बारीक नळी तळाशी सोडायची आणि एकेक बुडबुडा सावकाश येऊ द्यायचा. भांड्यावर काचेची तबकडी सैल ठेवा. झाकण घट्ट लावलं तर वायू साचून भांडं फुटतं.

पहिली मोठी चूक इथे होते. काम संथ वाटलं की लोक आणखी पेरॉक्साइड ओततात. द्रव तापतो, क्लोरीन सुटतो आणि सोनंही विरघळायला लागतं. रंग पाहत राहिलं तर पेरॉक्साइडची गरज पडत नाही. पारदर्शक पाचूसारखा हिरवा रंग म्हणजे द्रव कामाला तयार आहे. गडद तपकिरी, जवळजवळ काळा झाला तर त्याला हवा कमी पडते आहे. पंप सुरू ठेवा, रंग आपसूक परत हिरवा होतो.

वेळ तापमानावर आणि मालावर अवलंबून असतो. काही दिवस ते आठवडाभर धरा. रोज एकदा काचेच्या कांडीने हलकेच ढवळा, म्हणजे एकमेकांना चिकटलेले तुकडे सुटे होतात. चूल किंवा हीटर लावू नका.

थोडं सोनं विरघळलं तरी तांबं शिल्लक असेपर्यंत ते परत तांब्यावर येऊन काळ्या पुडीच्या रूपात खाली बसतं. म्हणून तळाचा काळा गाळ घाण समजून फेकायचा नाही. सगळे वर्ख सुटले असं दिसलं की स्वच्छ तांब्याचा एक छोटा तुकडा आत सोडा आणि काही तास ठेवा. पाण्यात उरलेलं सोनं त्याच्यावर उतरेल. मग तो तुकडा तिथेच धुऊन काढा.

> तपासणी : एक फिंगर बाहेर काढून धुवा. पट्ट्यांच्या जागी नुसता फिकट प्लास्टिकचा पृष्ठभाग दिसला पाहिजे. सोनेरी किंवा लालसर रेघ उरली असेल तर अजून थांबा.

टप्पा ४ : वर्ख गोळा करणं आणि धुणं

पंप बंद करून भांडं रात्रभर स्थिर ठेवा. वरचा निवळ द्रव हळूच दुसऱ्या बाटलीत काढा. हा द्रव टाकायचा नाही. पुढच्या खेपेला हाच वापरला की पेरॉक्साइडची गरजच राहत नाही.

आता फिंगरचे रिकामे तुकडे प्लास्टिकच्या चाळणीत धरून धुवा, आणि खाली पडणारे वर्ख व काळी पूड गाळणकागदावर घ्या. पहिली धुणी साध्या पाण्याने द्यायची नाहीत. तपकिरी द्रवात साधं पाणी पडलं की त्यातलं क्युप्रस क्लोराइड पांढऱ्या पुडीसारखं खाली येतं आणि वर्खावर बसतं. आधी हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलेल्या पाण्याने हिरवी छटा जाईपर्यंत धुवा, मग साध्या पाण्याने. पांढरं आलंच तर थोड्या आम्लात ते परत विरघळतं. हे आम्लाचं पाणी तयार करताना पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी कधीही नाही.

वर्खाच्या मागच्या बाजूला चंदेरी झाक दिसली तर ते उरलेलं निकेल आहे. वर्ख एका बीकरमध्ये घेऊन ताज्या हायड्रोक्लोरिक आम्लात आणखी एक-दोन दिवस ठेवा. धुण्यात केलेली घाई पुढच्या टप्प्यात सगळी भोवते. वर्खाबरोबर तांबं गेलं तर ते सोन्याआधी विरघळतं आणि सोन्याचा पिवळा रंग हिरव्यात बुडून जातो.

वापरलेला प्रत्येक गाळणकागद एका डब्यात जमा करा. बऱ्याच खेपांचे कागद साठले की त्यांतलं सोनंही काढण्याजोगं होतं.

टप्पा ५ : सोनं विरघळवणं

आता बीकरमध्ये फक्त सोनेरी वर्ख आणि थोडी काळी पूड आहे. इथे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ब्लीच यांची जोडी वापरतात. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण, म्हणजे आम्लराज, जास्त जोमाने काम करतं, पण त्यानंतर उरलेलं नायट्रिक संपवणं हा वेगळा व्याप असतो. ते राहिलं तर पुढे खाली बसलेलं सोनं परत विरघळतं. छोट्या, स्वच्छ खेपेला ब्लीच पुरेसं आहे.

> सावधान : आम्ल आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. या टप्प्यात तो जाणूनबुजून तयार करतो आहोत. मास्क, ढाल आणि मोकळी हवा यांपैकी एक जरी नसेल तर इथेच थांबा. भांड्यावर वाकून वास घेऊ नका. आणि जवळपास अमोनिया ठेवू नका.

वर्ख झाकले जातील एवढं हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. ब्लीच ड्रॉपरने एकेक मिली घाला, बीकर हलकेच फिरवा आणि फसफस थांबेपर्यंत वाट पाहा, मगच पुढचा मिली. हिशोबाने १ ग्रॅम सोन्याला ५ टक्क्यांचं ब्लीच ११ ते १२ मिली लागतं. थोडा क्लोरीन उडून जातो म्हणून प्रत्यक्षात जरा जास्त लागेल. पण दुप्पट-तिप्पट ओतायची वेळ आली तर कारण ब्लीचमध्ये नसून वर्खात उरलेल्या तांब्यात असतं.

वर्ख दिसेनासे होऊन द्रव स्वच्छ पिवळा झाला की काम झालं. हिरवट असेल तर तांबं आहे. घाबरायचं कारण नाही, पण शेवटचं सोनं दुसऱ्यांदा शुद्ध करावं लागेल.

आता उरलेला क्लोरीन घालवायचा. बीकर त्याच मोकळ्या जागी ५० ते ६० अंशांवर तासभर कोमट ठेवा. उकळी आणू नका. क्लोरीन गेला की नाही हे नाकाने ठरवू नका. ओला स्टार्च-आयोडाइड कागद वाफेवर धरा. निळा झाला तर क्लोरीन अजून आहे. ही पायरी वगळणं ही दुसरी मोठी चूक. राहिलेला क्लोरीन पुढचं मेटाबायसल्फाइट खातो, आणि सोनं खाली येत नाही म्हणून लोक पूड ओततच राहतात.

नंतर तिप्पट थंड पाणी दुसऱ्या भांड्यात घेऊन हे द्रावण त्यात सावकाश ओता आणि काही तास ठेवा. तीव्र आम्लात थोडं विरघळून राहिलेलं सिल्व्हर क्लोराइड आता पांढऱ्या गढूळपणाने वेगळं होतं. दुहेरी गाळणकागदातून गाळा. खाली येणारा द्रव पिवळा आणि काचेसारखा नितळ असला पाहिजे. गढूळ द्रवातून सोनं उतरवलं तर तो गढूळपणा सोन्याबरोबर येतो.

टप्पा ६ : स्टॅनस चाचणी

या सगळ्या कामात एकच गोष्ट नीट शिकायची असेल तर ही. विरघळलेलं सोनं डोळ्याला दिसेलच असं नाही. फार थोडं असेल तर पाणी रंगहीनच दिसतं. स्टॅनस क्लोराइडचा थेंब मात्र ते पकडतो.

चिमूटभर स्टॅनस क्लोराइड थोड्या हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, त्यात पाणी घालून सुमारे ३० मिली करा आणि बाटलीत शुद्ध कथिलाचा एक छोटा तुकडा टाकून ठेवा. कथिलामुळे द्रावण लवकर मरत नाही, तरीही काही आठवड्यांत ते निकामी होतं. म्हणून मघाच्या पिवळ्या द्रावणाचे काही थेंब एका लहान कुपीत जपून ठेवा, चाचणीच्या बाटलीची परीक्षा घ्यायला. त्या थेंबाला जांभळं न करणारी बाटली फेकून नवी बनवा.

चाचणी करताना गाळणकागदाच्या तुकड्यावर संशयित द्रवाचा एक थेंब सोडा आणि त्याला चिकटून चाचणीचा एक थेंब. दोघं जिथे भेटतात तिथे जांभळट डाग उमटला तर सोनं आहे. सोनं भरपूर असेल तर डाग जवळपास काळा दिसतो. पिवळसर-तपकिरी रंग येऊन हळूहळू हिरवट झाला तर पॅलेडियमची शक्यता धरा आणि तो द्रव वेगळा ठेवा.

जांभळं आलं आणि क्षणात उडून गेलं तर द्रवात क्लोरीन किंवा नायट्रिक उरलेलं आहे. ते आधी घालवा. या अर्धवट डागाला "सोनं नाही" असं वाचून पाणी ओतून देणारे बरेच असतात.

थेंब मूळ भांड्यात कधीही टाकू नका, कायम बाहेर कागदावर. आणि नियम पक्का ठेवा : स्टॅनस चाचणी झाल्याशिवाय कोणतंही पाणी, धुण्याचं असो की गाळलेलं, पुढच्या भांड्यात जाणार नाही.

टप्पा ७ : सोनं खाली बसवणं

टप्पा १ मधला अंदाज आता कामाला येतो. १ ग्रॅम सोन्याला हिशोबाने पाऊण ग्रॅमच्या जवळपास सोडियम मेटाबायसल्फाइट लागतं, व्यवहारात सोन्याइतक्याच वजनाचं घ्या. ते थोड्या पाण्यात विरघळवून सावकाश, थेंबाथेंबाने ओता. सल्फर डायऑक्साइड निघतो, म्हणजे मास्क अजून तोंडावरच हवा.

पिवळा रंग फिका पडतो, मग द्रव गढूळतो आणि तपकिरी पूड दिसू लागते. हेच सोनं. इतक्या बारीक कणांत ते चमकत नाही, आणि वाळलेल्या मातीसारखं दिसतं म्हणून ते सोनं नाही असं समजू नका. रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी वरचा निवळ द्रव चाचणीच्या थेंबाने पाहा. जांभळं आलं तर थोडं आणखी मेटाबायसल्फाइट. काहीच आलं नाही तर द्रव काढून कचऱ्याच्या भांड्यात घ्या.

लोहाची क्षारं वापरायची असतील तर स्फटिकी फेरस सल्फेट १ ग्रॅम सोन्याला सव्वाचार ग्रॅम लागतं. द्रव तांब्याने घाण असेल तेव्हा काही जण हेच पसंत करतात, पण कचऱ्यात लोह वाढतं.

टप्पा ८ : पूड धुणं आणि वितळवणं

त्याच बीकरमध्ये पूड धुवा. दुसऱ्या भांड्यात उलटवलं की काठाला चिकटून थोडी मागे राहतेच. आधी गरम पाण्याने दोन-तीनदा, मग गरम हायड्रोक्लोरिक आम्लाने द्रव रंगहीन येईपर्यंत, शेवटी पुन्हा पाण्याने. पहिलं पाण्याचं धुणं चुकवू नका. पुडीत मेटाबायसल्फाइट उरलं असेल तर आम्ल पडताच सल्फर डायऑक्साइड भसकन येतो.

> सावधान : जुन्या कृतींमध्ये अमोनियाने धुवायला सांगितलेलं असतं. ते करू नका. सोन्याच्या किंवा चांदीच्या क्षारांबरोबर अमोनियाचे स्फोटक पदार्थ बनतात आणि वाळल्यावर नुसत्या घर्षणाने उडतात.

पूड मंद आचेवर वाळवा. शेवटच्या ओलाव्याला आच जास्त झाली की वाफ पूड उडवते. वितळवण्याआधी मुशीला आतून टाकणखाराचा (बोरॅक्सचा) काचेसारखा लेप द्या. सोनं १०६४ अंशांना वितळतं. ज्वाला आधी दुरून फिरवा. सुरुवातीलाच जवळ धरली तर बारीक पूड हवेत जाईल. गोळा थंड झाल्यावर वजन करून वहीतल्या आकड्याशी ताडा. खूप कमी भरलं तर गाळणकागदांचा डबा, टप्पा ३ चा काळा गाळ आणि कचऱ्याचं भांडं, या क्रमाने शोधा.

टप्पा ९ : उरलेलं पाणी

या टप्प्यावर लोक थकलेले असतात, आणि सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, ते दुसऱ्यांचं. हिरव्या पाण्यातलं तांबं माशांना आणि पाण्यातल्या जिवांना अगदी कमी प्रमाणातही घातक असतं. निकेलने कातडीला कायमची अ‍ॅलर्जी जडते. नाल्यात, शोषखड्ड्यात, झाडाच्या बुंध्याशी यातलं काहीही जायचं नाही. नुसता चुना टाकून सामू (पीएच) ७ वर आणला म्हणजे पाणी निर्धोक झालं, हा गैरसमज आहे. आम्ल संपतं, धातू सगळे उतरत नाहीत.

सगळी पाणी एका भांड्यात जमवण्याआधी ब्लीचचं आणि मेटाबायसल्फाइटचं पाणी वेगवेगळं ठेवून वायू निघू द्या. मग क्रमाने :

१. तांब्याच्या पट्ट्या टाका आणि पंपाने काही दिवस हवा सोडा. निसटलेलं सोनं, चांदी, पॅलेडियम पट्ट्यांवर काळं होऊन उतरतं. स्टॅनस चाचणी कोरी आली की ही काळी पूड झटकून साठवा.

२. तो द्रव दुसऱ्या भांड्यात काढून त्यात लोखंडाचे तुकडे टाका. लालसर तांबं भुसभुशीत होऊन खाली बसतं. इथे ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो, म्हणून झाकण सैल हवं आणि जवळ विस्तव नको. लखलखीत घासलेला खिळा बुडवून काढल्यावर त्याला लाली चढली नाही, म्हणजे तांबं संपलं.

३. उरलेल्या द्रवात चुन्याची निवळी किंवा कॉस्टिक सोडा हळूहळू घालत सामू ९ ते १० वर आणा आणि हवा सोडत राहा. लोह, निकेल, जस्त यांचा गाळ खाली बसतो. हा अंदाज जिभेने, रंगाने किंवा चमच्यांच्या मापाने नाही, सामूपट्टीनेच.

४. गाळ वाळवून नाव आणि तारीख लिहिलेल्या बंद डब्यात ठेवा आणि सुरुवातीला ठरवलेल्या अधिकृत ठिकाणी द्या. वरचं निवळ पाणीही त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका.

सोलून झालेले फिंगरचे तुकडे धुऊन, वाळवून त्याच ठिकाणी जातात. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. ट्रेमध्ये सांडलेलं पाणी पुसलेला बोळा गाळणकागदांच्या डब्यात टाका. त्यातही सोनं असतं.